नायक घसरला तर माणूस म्हणून माफ, नायिका घसरली तर?

गोदाकाठ: थॉमस हार्डीची इंग्रजी कादंबरी 'टेस' (१८९१) वाचून झाली आणि डोकंच फिरलंय. लग्नाच्या रात्री टेसचा नवरा, एंजल, तिला सांगतो की मी पूर्वी एका अनोळखी बाईसोबत दोन दिवस राहिलो होतो, माफ कर. ती लगेच माफ करते. मग ती आपलं सांगते, तिला तर आधी ॲलेक नावाच्या श्रीमंत माणसानं फसवलेलं, तर साहेबांना ती एकदम दुसरीच बाई वाटायला लागते आणि पुढं सरळ ब्राझील गाठतात. शेवटी फाशी कोणाला? तिलाच. पुरुषाची सचोटी पैसा, शब्द, दोस्ती यावर मोजतात अन् बाईची फक्त अंगावर, असं का?

लातूरकर_जुना: ओ ताई, फाशी ॲलेकच्या खुनाबद्दल झाली, ते कशाला गाळायलाव? अन् हार्डीनं पुस्तकाच्या नावाखालीच 'शुद्ध स्त्री' छापलंय की, त्या काळात! लेखक दाखवतो म्हणजे त्याला पटतं का? ऊसतोडीवर कादंबरी लिहिली म्हणजे मुकादमाची उचल पटली असं होतंय का?

गोदाकाठ: खून मान्य. पण शेवटच्या पानावर एंजल कोणाचा हात धरून चाललाय बघा, तिच्याच धाकट्या बहिणीचा. त्याला पश्चात्तापाला अख्खा ब्राझील देश मिळाला, हिला काय मिळालं?

बालाघाटी: हे भांडण जुनंय. आपल्या जालन्याला लागून बुलढाणा, तिथल्या ताराबाई शिंदेंनी १८८२ लाच 'स्त्रीपुरुष तुलना'त नाटक-कादंबऱ्या लिहिणाऱ्यांना झाडलंय. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेवर मूल मारल्याचा खटला झाला, त्यावरनं पेपरवाले सगळ्याच बायकांना झोडपायला लागले म्हणून बाईनं लेखणी उचलली.

हुरडा_पार्टी: लेखकांनाच का धरता पण? आमची आजी परभणीकडची, जात्यावर सीतेच्या ओव्या म्हणायची. कैकयी म्हणते रावण कसा होता चित्र काढ, सीता नुसता पायाचा अंगठा काढते कारण तिनं वर पाहिलंच नाही, मग बाकीचा रावण कैकयी पुरा करते अन् रामाला नेऊन दाखवते. ही ओवी बायांचीच ना?

गोदाकाठ: बायांचीच, अन् सीतेच्या बाजूचीच. पण बाजू घ्यायला आधी अंगठ्याच्या वर नजर गेली नाही हे दाखवावं लागलं ना! गेली असती तर तिचा वनवास बरोबर होता का?

लातूरकर_जुना: मग काय सगळ्या बाया धुतल्या तांदळासारख्या दाखवायच्या?

गोदाकाठ: उलट! मला टँकरच्या खेपा वाढवून बिलं काढणारी सरपंच बाई पाहिजे, पैसे खाणारी, नंतर झोप उडालेली, आणि पूर्ण कादंबरीत एकदाही तिच्या चारित्र्यावर चर्चा नको.

लातूरकर_जुना: टँकरचा हिशोब सरपंचपती बघतेत ताई, ते लिहा अगोदर.

हुरडा_पार्टी: सगळीकडं नाही हां. आमच्या गावात बाईच बघते, आणि खेपा बरोबर भरतात.