शब्दचर्चा : ‘मिश्रवंशीय’ अभिनेत्री म्हणायचं की दुसरं काही?

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर) : हिंदी सिनेमातल्या नर्तिका-अभिनेत्री हेलन यांचा छोटा परिचय लिहायचा आहे. वडील अँग्लो-इंडियन, आई ब्रह्मदेशची. ‘संकरित’, ‘संमिश्र रक्ताची’, ‘मिश्रवंशीय’ यांतलं कोणतं घ्यावं? आणि ‘पदार्पण’ 1951 चं धरायचं की 1958 चं?

परभणी : ‘संकरित’ आधी खोडा. आपल्याकडं संकरित म्हणलं की ज्वारी, कापूस, नाहीतर देवणी-होल्स्टीनचं ‘होलदेव’ वासरू. माणसाला लावलं की शिवी होते. मागं गीतेच्या पहिल्या अध्यायातला ‘वर्णसंकर’ उभा असतोच, आणि तिथं तो थेट नरकाला नेतो. ‘संमिश्र रक्ताची’ तपासणीच्या रिपोर्टात शोभेल. ‘मिश्रवंशीय’ सभ्य आहे, पण कशात काय मिसळलं ते सांगत नाही. सरळ ‘वडील अमुक, आई तमुक’ लिहा, विशेषण लागतच नाही.

लातूर : ‘अँग्लो-इंडियन’ मात्र जपून. राज्यघटनेच्या कलम 366(2) नुसार वडील किंवा वडिलांकडच्या पुरुष परंपरेतलं कुणीतरी युरोपीय वंशाचं लागतं. नुसत्या आईकडून भागत नाही. गोरी दिसली की त्यात ढकलायची खोड फार जुनी. अभिनेत्री नादिरा बगदादी ज्यू होत्या. स्टंटपटांच्या नायिका फिअरलेस नादिया पर्थला जन्मल्या, वडील ब्रिटिश, आई ग्रीक. म्हणजे वंश मिश्र, पण त्यात भारत कुठंच नाही.

नांदेड : हेलन यांचा जन्म 1938, रंगून. एप्रिल 1937 मध्येच ब्रह्मदेश ब्रिटिश हिंदुस्थानातून वेगळा झाला होता, त्यामुळं ‘ब्रिटिश भारतात जन्म’ चूक. ‘म्यानमार’ हे 1989 चं नाव, ते 1938 च्या वाक्यात नको. ‘ब्रह्मी’ टंकताना हमखास ‘ब्राह्मी’ होतं, मग आईची एकदम लिपी होते. ‘ब्रह्मदेशी’ लिहा.

‘वडील महायुद्धात गेले’ असंही लिहू नका, लढायला गेले की वारले ते कळत नाही. ‘महायुद्धाच्या काळात वारले’. रिचर्डसन हे आडनाव सावत्र वडिलांचं; ‘सावत्र’ गाळलात तर वंशाचं सगळं गणित बिघडतं.

बीड : 1943 च्या प्रवासाला ‘स्थलांतर’ नको. इकडं स्थलांतर म्हणजे ऊसतोड, दसऱ्यानंतर जायचं आणि पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की परत यायचं. हे कुटुंब जपान्यांच्या तावडीतून सुटायला पायी आसामात दिब्रुगडला आलं, परत गेलं नाही. ‘निर्वासित होऊन’ म्हणा.

पदार्पणाचं : शब्दार्थ पहिलं पाऊल एवढाच, पण सिनेमाच्या पानांवर त्याला ‘नावानिशी भूमिका’ असा अर्थ चिकटलाय. 1951 च्या ‘शबिस्तान’, ‘आवारा’त नर्तिका कुक्कूंनी त्यांना कोरसमध्ये काम मिळवून दिलं, तिथं ‘समूहनृत्यात नाचू लागल्या’ बरोबर. 1958 च्या ‘हावडा ब्रिज’मधल्या ‘मेरा नाम चिन चिन चू’नं नाव झालं. तेव्हा त्या ‘19 वर्षांच्या’ होत्या. ‘वयाच्या 19व्या वर्षी’ लिहिलं की एक वर्ष कमी भरतं.

प्रश्नकर्ता : मग असं : ‘हेलन यांचा जन्म 1938 साली रंगूनला झाला. वडील अँग्लो-इंडियन, आई ब्रह्मदेशी. 1943 मध्ये निर्वासित होऊन कुटुंब दिब्रुगडला पायी पोचलं. 1951 मध्ये कुक्कू यांच्या कृपेने त्या समूहनृत्यात नाचू लागल्या.’

लातूर : ‘कृपेने’ काढा, ‘ओळखीने’ करा. बाकी चालेल.