टोरांटो: लेनक्सच्या इमारती एका दिवसात कशा दाखवाव्यात?

नमस्कार मंडळी,

मे अखेरीस सासरे मुंबईहून येत आहेत. आम्ही किचनरला असतो, टोरांटोला जाणं कामापुरतंच. बाबांची हयात वास्तुविशारदांच्या कचेरीत ड्राफ्ट्समन म्हणून गेली. त्यामुळे सीएन टॉवर, मत्स्यालय वगैरे त्यांना दाखवून उपयोग नाही. त्यांनी आधीच फर्मान काढलंय : "एकाच माणसाचं काम दाखवा, पण नीट दाखवा."

मी वास्तुविशारद ई. जे. लेनक्स निवडला. टोरांटोतच जन्मलेला (१८५४) आणि गावावर सर्वात ठळक छाप सोडून गेलेला हाच, असं माझं मत. कोणाचं वेगळं असेल तर सांगा.

सुरुवात अर्थात ओल्ड सिटी हॉलपासून. १८८९ ते १८९९ अशी दहा वर्षं बांधकाम चाललं आणि खर्च पंचवीस लाख डॉलरच्या वर गेला. नगरसेवक वैतागले नसते तरच नवल. लेनक्सच्या नावाची पाटी लावायला त्यांनी नकार दिला म्हणे. मग या पठ्ठ्याने वरच्या छपराच्या वळचणीखालच्या दगडी टेकूंवर इमारतीभोवती स्वतःचं नाव, हुद्दा आणि १८९८ हे साल कोरून घेतलं! दर्शनी कमानींपाशी वेडीवाकडी तोंडं आहेत, ती नगरसेवकांची टवाळी समजली जाते. त्यांच्यातच एक मिशीवाला साधा चेहरा आहे, तो लेनक्सचा स्वतःचा. बोरीबंदरची दगडी तोंडं वर्षानुवर्षं पाहिलेला माणूस इथे तासभर तरी हलणार नाही. (१९६०च्या दशकात फक्त घड्याळाचा मनोरा ठेवून बाकी सगळं पाडायचा घाट घातला होता. लोकांनी ओरडा केला म्हणून वाचलं.)

तिथून चालत किंग एडवर्ड हॉटेल. १९०३चं, यात लेनक्सबरोबर हेन्री आयव्हज कॉबही होता. दुपारी कासा लोमा. हेन्री पेलाटने वीजधंद्यातल्या पैशावर ९८ खोल्यांचा वाडा बांधून घेतला आणि दहाएक वर्षांत तो सोडायची पाळी आली. लेनक्सचं स्वतःचं घरही तिथे जवळच आहे.

आता अडचणी :

ओल्ड सिटी हॉलमधली न्यायालयं दुसरीकडे हलल्यापासून तिथे आत सोडतात का? जिन्यावरची मॅकॉसलँडची रंगीत काच बाबांना बघायचीच आहे. डोअर्स ओपनच्या (शहरातल्या इमारती लोकांना आतून बघायला खुल्या करतात, त्या उपक्रमाच्या) शनिवार-रविवारी जावं, की त्या रांगा टाळलेल्या बऱ्या?

बाबांचे गुडघे कुरकुरतात. डुपाँट स्टेशनकडून कासा लोमाला जाताना बाल्डविन स्टेप्सच्या ११० पायऱ्या आहेत, त्या जमणार नाहीत. सेंट क्लेअर वेस्टला उतरून वरच्या अंगाने चालत आलं तर रस्ता सपाट आहे का? की सरळ टॅक्सी करावी? आत लिफ्टने किती मजले बघता येतात?

लेनक्सचं घर रस्त्यावरून दिसतं का, की झाडीच दिसते?

शेवटचं : नायगरा होणारच आहे. धबधब्याच्या वरच्या बाजूला लेनक्सने पेलाटच्याच कंपनीसाठी बांधलेलं १९०६चं जुनं वीजकेंद्र आहे. गाडी कुठे लावली म्हणजे त्याचा दर्शनी भाग धड बघता येईल? बाबा स्केचवही घेऊन बसणार, तेव्हा दहा मिनिटांत हाकलणारी जागा नको.