औषध लावलेली मच्छरदाणी ठाण्यात कुठे मिळेल? (तातडीने)

घोडबंदरकर
शनिवारी निघायचंय, म्हणून थोडक्यात लिहितो. डबल बेडची औषधवाली मच्छरदाणी हवी आहे. जांभळी नाक्यावर तीन दुकानं पालथी घातली, सगळे साधीच दाखवतात. एक म्हणाला, "औषध कशाला? उदबत्ती लावा." घरच्याच मच्छरदाणीला औषध लावून घेता येतं का?

कोपरीचा_पक्या
निघायचंय कुठे? आणि डास की ढेकूण?

घोडबंदरकर
डास नाही हो. सँडफ्लाय, म्हणजे वाळूमाशी.

निवांत_नेरुळ
आम्ही सगळ्या खिडक्यांना चुंबकवाली जाळी बसवली. दोन वर्षं झाली, एक डास नाही. माणसाचा नंबर खासगी निरोपात पाठवतो.

घोडबंदरकर
अहो, त्या घराला धड खिडकीच नाही.

कोपरीचा_पक्या
घोडबंदरला खिडकी नसलेलं घर?? पत्ता द्या, बघायला येतो.

घोडबंदरकर
गावाला चाललोय, बायकोच्या माहेरी, भंडारा जिल्ह्यात. मातीच्या भिंती, गोठा घराला लागूनच. मुलगी चार वर्षांची आहे. मेव्हण्याने सँडफ्लायमुळे पसरणाऱ्या चांदीपुरा तापाचं सांगितल्यापासून घरात झोप नाही कुणाला.

हिवताप_रिटायर्ड
हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं. हा विषाणू १९६५ साली नागपूरजवळच्या चांदीपुरात सापडला, म्हणून ते नाव. लहान मुलांनाच जास्त धोका.
सँडफ्लाय जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची, गुणगुणतही नाही. साध्या मच्छरदाणीच्या भोकातून आरामात आत शिरते. औषध असलं की जाळीवर टेकल्या टेकल्या तिचे पाय औषधाला लागतात. फार बारीक जाळीही मिळते, पण आत वारा लागत नाही. पोर घामाघूम होऊन पाय बाहेर काढतं आणि सगळं मुसळ केरात.

तुर्भे_तात्या
काही उपयोग नाही. बिहार-नेपाळात काळ्या आजारासाठी (तोही सँडफ्लायमुळेच पसरतो) मोठी चाचणी झाली होती, २०१० मध्ये निकाल आले. औषधी जाळ्या वाटूनही संसर्ग कमी झाला नाही. कडुनिंबाचा धूर करा, आमची आजी करायची.

हिवताप_रिटायर्ड
तात्या, ती चाचणी मलाही माहीत आहे. माणूस जाळीत शिरायच्या आधी अंगणात नि गोठ्याजवळ चावलं तर जाळी काय करणार? एकट्या जाळीवर विसंबू नका, एवढाच त्याचा अर्थ. आणि कडुनिंबाची चाचणी कुणी केली ते सांगा.

तुर्भे_तात्या
आजीने. नव्वद वर्षं जगली.

मनीमाऊ_वाशी
घरात मांजर आहे का? ही औषधं मांजरांना बाधतात.

कोपरीचा_पक्या
ताई, इथे पोरीचं चाललंय.

घोडबंदरकर
रिटायर्ड काका, नेमकं करू काय? आजच्या आज काहीतरी सांगा.

हिवताप_रिटायर्ड
ठाण्यात वणवण नको. मेव्हण्याला गावच्या आरोग्य केंद्रात पाठवा. साधी मच्छरदाणी डेल्टामेथ्रिन या कीटकनाशकाच्या पाण्यात बुडवून देतात का, ते विचारायला सांगा. दिली तर सावलीत वाळवा, उन्हात औषध उतरतं. ती जाळी तळ्यात धुऊ नका, मासे मरतात. विकतची टिकाऊ औषधी जाळी मिळाली तर उत्तम, ती साधारण वीस धुण्यांपर्यंत काम देते.
तिन्हीसांजेपासून मुलीला पूर्ण बाह्या. गोठ्याकडे खेळायला नाही. खाट भिंतीपासून लांब, जाळीची कड गादीखाली खोचलेली. भिंतीच्या भेगा लिंपून घ्या, माशी तिथेच दडते.
आणि अचानक जोराचा ताप, उलट्या किंवा झटके आले तर सकाळ होण्याची वाट बघू नका, तडक दवाखाना. यावर लस नाही आणि पोर एका दिवसातही हातचं जातं.

निवांत_नेरुळ
चुंबकवाली जाळी दाराला पण बसते बरं का.

घोडबंदरकर
मेव्हण्याशी बोललो. उद्या सकाळी केंद्रात जातोय, भेगाही लिंपतो म्हणाला. काका, फार उपकार झाले.
मनीमाऊ ताई, सासूबाईंची मांजर रोज मुलीच्या अंथरुणातच येऊन झोपते. हे सांगायचं राहिलं. आता काय करू?