‘असिस्टेड इमिग्रंट’साठी मराठी शब्द हवा आहे

बखरवाचक:
एकोणिसाव्या शतकातील न्यू साउथ वेल्स या ऑस्ट्रेलियातील ब्रिटिश वसाहतीवरील एका लेखाचा अनुवाद करताना ‘असिस्टेड इमिग्रंट’पाशी अडलो आहे. मी ‘अनुदानित स्थलांतरित’ असे लिहिले होते. संपादकांनी ते खोडून ‘आश्रित’ केले आणि ते मला मुळीच पटलेले नाही. १८३१ पासून त्या वसाहतीत सरकारी जमिनी लिलावाने विकल्या जाऊ लागल्या आणि त्या पैशातून इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंडमधील शेतमजूर, सुतार, मोलकरणी यांचे बोटीचे भाडे भरले जाऊ लागले. ही माणसे उतरल्यावर मजुरी ठरवून कामाला लागत. त्यांना आश्रित कसे म्हणावे?

पाटीपेन्सिल:
‘आश्रित’ नकोच. आमच्या शाळेत फी माफ असलेल्या मुलांना ‘नादारी मिळाली’ असे म्हणत आणि त्यात कोणालाही कमीपणा वाटत नसे. ‘नादारीचे उतारू’ म्हटले, तर भाडे माफ झाले होते हे एका शब्दात कळते.

शब्दसाधक:
नादारी फारसीतून आली म्हणून माझी हरकत नाही, जरी साधा संस्कृत शब्द उपलब्ध असताना आडवळणाला जाण्याचे कारण मला कधीच समजलेले नाही. खरी हरकत अर्थाची आहे. नादारी गरिबी पाहून मिळते. इथे वय, धंदा, प्रकृती आणि चारित्र्याचा दाखला पाहून निवड होई, आणि कपड्यांचा ठरावीक संच स्वतःचा आणावा लागत असल्यामुळे अगदी निर्धन माणूस तिथेच अडत असे. ‘साहाय्यित आप्रवासी’ हेच योग्य. ‘स्थलांतरित’ही टाळावे, कारण कोकणातून मुंबईस आलेला गिरणी कामगारही स्थलांतरितच. १८४० साली लंडनमध्ये या कामासाठी नेमलेल्या आयुक्तांच्या लेखी जो उत्प्रवासी (देश सोडून जाणारा) होता, तोच सिडनीच्या धक्क्यावर उतरताच आप्रवासी (देशात येणारा) होत असे आणि दोन्हीकडची दप्तरे वेगळी होती; अनुवादात हा भेद टिकलाच पाहिजे.

कोकणकाठ:
शब्दसाधक, आपला ‘साहाय्यित’ शासकीय परिपत्रकाबाहेर कोणी उच्चारलेला मी ऐकलेला नाही. माझे वडील साखर कारखान्यात कारकून होते. ऊसतोडीला टोळी निघण्याआधी मुकादमाच्या हाती जी रक्कम पडे तिला ‘उचल’ म्हणत, आणि हा जिवंत शब्द आहे. मात्र उचल फेडावी लागते, म्हणून तो सरसकट चालणार नाही. कॅरोलिन चिझम यांनी १८४९ मध्ये सुरू केलेल्या संस्थेच्या उतारूंना तो चपखल बसेल, कारण तिथे भाड्यासाठी कर्ज मिळे आणि पोहोचल्यावर ते हप्त्यांनी फेडायचे असे. या बाई १८३८ मध्ये सिडनीला गेल्या, त्या मद्रासहून. मद्रासमध्ये त्यांनी गोऱ्या सैनिकांच्या मुलींसाठी शाळा चालवली होती, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही.

बखरवाचक:
आभारी आहे. याच लेखात ‘बाउंटी’ हा शब्दही वारंवार येतो आणि मी त्याला ‘इनाम’ म्हटले आहे. १८३५ पासून वसाहतीतील जमीनदारांना आणि पुढे जहाजमालकांना स्वतः मजूर आणण्याची मुभा मिळाली. बोट सिडनीला लागली की सरकारी मंडळ चढून वय, धंदा आणि प्रवासातील वागणूक यांची चौकशी करी, आणि माणूस पसंत पडला तरच पैसे मिळत. तिशीच्या आतील जोडप्यामागे ३० पौंड.

पाटीपेन्सिल:
हे पैसे येणाऱ्याला मिळत नव्हते, आणणाऱ्याला मिळत होते. इनाम कसले, ही दरडोई दलाली झाली. वय कमी सांगणे, खोटी दाखलेपत्रे आणणे, परक्या मुलीला नात्यातली म्हणून दाखवणे हे प्रकार त्यातूनच वाढले. सरकारने पाठवलेल्या जहाजांवरच्या डॉक्टरांना जिवंत उतरलेल्या माणसांच्या संख्येवर मोबदला मिळे, त्याला मात्र ‘इनाम’ शोभेल, कारण तिथे पैसा माणूस जगवण्यासाठी दिला जात होता.

रानवाट:
मूळ प्रश्नाकडे वेगळ्या बाजूने पाहावे, अशी विनंती आहे. मराठीत ‘गिरमिट’ म्हणजे सुताराचे भोक पाडायचे हत्यार. करारबद्ध मजुराचा ‘गिरमिटिया’ वेगळा, तो इंग्रजी ‘अ‍ॅग्रीमेंट’वरून झाला आणि आपल्याकडे हिंदीतून आला. १८४२ मध्ये मॉरिशसला मजूर पाठवण्यासाठी जी तीन बंदरे मोकळी झाली, त्यांत मुंबई होती, आणि मॉरिशसमधील मराठी घराण्यांचे पूर्वज याच बंदरातून गेले. त्यांचेही भाडे इतरांनीच भरले होते. मग तेही ‘साहाय्यित’ का नाहीत?

शब्दसाधक:
कारण ते कराराने बांधलेले होते. काम सोडले की तुरुंग होता. सिडनीला उतरलेली मोलकरीण मालक नापसंत असल्यास नकार देऊ शकत असे.

रानवाट:
फरक मान्य आहे, परंतु तो कराराचा आहे, भाड्याचा नाही. गोऱ्याचे भाडे भरले की साहाय्य आणि आपल्या माणसाचे भरले की गिरमिट, ही विभागणी इंग्रजी दप्तराने केली आहे आणि आपण ती न तपासता मराठीत आणत आहोत. जमीनविक्रीचा पैसा म्हणतानाही ती जमीन तिथल्या मूळ रहिवाशांकडून हिसकावलेली होती, हे कोणत्याच शब्दात उमटत नाही.

कोकणकाठ:
एका शब्दावर एवढा भार टाकू नये. त्यासाठी वाक्ये असतात. मी ‘सरकारी वाटखर्चाने आलेले’ असे म्हणेन.

शब्दसाधक:
ते विशेषण आहे, संज्ञा नव्हे. सूचीत कसे घालणार?

पाटीपेन्सिल:
सूचीवरून आठवले, बखरवाचक, उतरलेल्यांना ठेवण्याच्या ‘डेपो’ला आपण काय म्हणणार आहात? सिडनीच्या हाइड पार्क बराकीत १८४८ पासून एकट्या स्त्रियांना उतरवत. आयर्लंडच्या अनाथालयवजा गरीबखान्यांतून ऑस्ट्रेलियाला पाठवलेल्या ४,००० हून अधिक मुलींपैकी अनेकजणी तिथे राहिल्या. धर्मशाळा म्हणावे, तर मालक तिथेच येऊन नोकर निवडत.

रानवाट:
मॉरिशसमधील पोर्ट लुईच्या तशाच जागेला लोक ‘कुली घाट’ म्हणत, आणि आज तिचे नाव ‘आप्रवासी घाट’ आहे.

शब्दसाधक:
पाहा, ‘आप्रवासी’ त्यांनीच निवडला.

रानवाट:
निवडला, पण त्याच्यामागे ‘साहाय्यित’ लावला नाही.