‘द थ्री-बॉडी प्रॉब्लेम’ : कल्पना भव्य, पण माणसे?

लिऊ त्सिशिन यांची ही चिनी विज्ञानकादंबरी नुकतीच केन लिऊ यांच्या इंग्रजी अनुवादातून (२०१४) वाचली. १९६७ साली, चीनमधील सांस्कृतिक क्रांतीच्या धुमाळीत, माओचे तरुण समर्थक असलेले लाल रक्षक ये वेनच्येच्या भौतिकशास्त्रज्ञ वडिलांचा भर सभेत जीव घेतात, ती ते पाहते आणि पुढे हीच मुलगी परग्रहवासीयांना पृथ्वीवर बोलावते, हा भाग अस्वस्थ करणारा आहे. मात्र कथा वर्तमानात येताच संशोधक वांग म्याओ केवळ प्रश्न विचारण्यापुरता उरतो. त्याची पत्नी आणि मुलगा तर जवळजवळ नाहीसेच होतात. या कादंबरीला विज्ञानसाहित्यासाठी दिला जाणारा २०१५चा ह्यूगो पुरस्कार मिळावा, हे मला पटत नाही. उर्सुला ले ग्विन यांच्या ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’मधील (१९६९) कायमचा लिंगभेद नसलेल्या समाजाची कल्पना काही कमी धाडसी नाही, पण ती आपल्याला उमगते ती त्या ग्रहावर आलेला दूत गेन्ली आय आणि तिथलाच एस्ट्रावेन यांच्या बर्फावरील प्रवासात, दोघांमधला अविश्वास ओसरत असताना.

प्रतिसाद १
असहमत. इथे नायक व्यक्ती नसून संस्कृती आहे. तीन सूर्यांच्या ओढाताणीत हवामान शांत असलेले स्थिर युग कधी संपेल हे ज्यांना सांगता येत नाही, त्या परग्रहवासीयांची हतबलता एका वांग म्याओच्या संसारातून कशी दाखवणार? कादंबरीतील आभासी खेळात छिन सम्राटाचे तीन कोटी सैनिक काळे-पांढरे झेंडे वरखाली करून संगणक बनतात, तीन सैनिकांचे एक लॉजिक गेट (संगणकातील हो-नाही ठरवणारा छोटा घटक), हे प्रकरण मी लगेच पुन्हा वाचले.

प्रतिसाद २
कल्पनेच्या बळावरच कादंबरी तोलायची, तर विज्ञानही तपासावे लागेल. कादंबरीतील परग्रहवासी जिथले, त्या आपल्या शेजारच्या अल्फा सेंटॉरी या तारकासमूहात दोन मोठे तारे सुमारे ८० वर्षांत परस्परांभोवती फिरतात आणि तिसऱ्या, प्रॉक्सिमाला त्यांच्याभोवती एका फेरीसाठी सुमारे ५.५ लाख वर्षे लागतात. अशा रचनेत कादंबरीतील गोंधळ संभवत नाही.

मूळ लेखक
प्रतिसाद १मधील प्रकरणच माझा मुद्दा सिद्ध करते. त्यात एखादे गेट चुकले की त्यातील सैनिकांचा शिरच्छेद करण्याची आज्ञा होते. लेखकालाही माणसे सुट्या भागांसारखीच दिसतात.

प्रतिसाद १
लेखकाला नव्हे, सत्तेला. वडिलांना आणि स्वतःलाही असेच वापरले गेलेले ये वेनच्येने पाहिले आहे. म्हणूनच, उत्तर देऊ नका अशी ताकीद अंतराळातून मिळूनही ती उत्तर पाठवते. वांग म्याओ फिका आहे, हे मान्य. परंतु कादंबरीचा कणा ये वेनच्ये आहे आणि तिच्याबाबत लेखक कुठेही उदासीन नाही.