‘रास्ते का काँटा’ तुम्ही कुठे पाहिला होता? (ब्योमकेश बक्षी : खान्देशकरांचा अनुभव धागा)

धाब्यावरचा

मंडळी, आधीच सांगतो, खाली खुनी कोण ते सगळं येणारे, ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी आत्ताच माघारी फिरा.

1993 साल. मी पाचवीत, गाव अमळनेर तालुक्यात. आमच्या गल्लीत टीव्ही एकच, तो आमच्या जिभाऊंकडे, आणि अँटेना धाब्यावर. ज्यांना धाबं माहीत नाही त्यांच्यासाठी, आपल्याकडे मातीची सपाट छतं असतात, उन्हाळ्यात सगळं गाव त्यावरच झोपतं. तर अँटेना धरायला कायम मलाच वर पाठवायचे कारण मी सगळ्यात लहान आणि खाली जागा नसायची. त्यामुळे ‘ब्योमकेश बक्षी’ या दूरदर्शनवरच्या डिटेक्टिव्ह मालिकेतला ‘रास्ते का काँटा’, म्हणजे तो सायकलच्या घंटीवाला भाग, मी पाहिलाच नाहीये, ऐकलाय! वरच्या झरोक्यातून आवाज यायचा. मधेच खालून कोणी ओरडायचं “मुंग्या उनात रे, फिरव फिरव” (म्हणजे पडद्यावर मुंग्या आल्या) की मी पाइप गरकन फिरवायचो. तेवढ्यात ट्रिंग ट्रिंग असं वाजलं, खाली एकदम शांतता, मग बायांचा “मरी गया व माय!” असा आवाज, आणि मी वरून बोंबलतोय “काय व्हयनं? कोण मरनं?” तर कोणी लक्षच देईना. आणि मग लाईट गेली.

दुसऱ्या दिवशी चाळीसगावच्या आतेभावाने सांगितलं की खुनी डॉक्टर होता. मी ते धरून चाललो, तब्बल 27 वर्षं. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये दूरदर्शनने मालिका परत लावली तेव्हा बघतो तर डॉक्टर पहिल्या भागातला, मेसमधला, आणि इथं तर भलताच माणूस! आतेभावाला फोन केला तर म्हणे मी पण पाहिला नव्हता, पण तू इतक्या आशेने विचारत होता की काहीतरी सांगावं लागलं.

तर तुम्ही कुठे पाहिला, किती पाहिला, आणि शेवट तुम्हाला कोणी सांगितला? लिहा.

केळीचं खोड

रावेर. पूर्ण पाहिला. आमच्याकडे ट्रॅक्टरची बॅटरी होती आणि बारा व्होल्टवर चालणारा छोटा ब्लॅक अँड व्हाइट. लाईट गेली की अख्खी गल्ली आमच्या ओट्यावर. सकाळी ट्रॅक्टर ढकलून चालू करावा लागला आणि बाबांनी मला धुतला, तो भाग कोणी दाखवला नाही.

तापीकाठची

आम्ही भुसावळला रेल्वे क्वार्टरमध्ये. शेजारी बंगाली कुटुंब होतं, काका गार्ड. आमच्याकडे ही मालिका लागली की काकू यायच्या आणि मालिका राहायची बाजूला, आम्ही त्यांच्याकडेच बघायचो, कारण पडद्यावर “अजित” (ब्योमकेशचा मित्र) म्हटलं की त्या हळूच “ओजित” म्हणायच्या, “बक्षी” म्हटलं की “बोक्शी”, आणि सत्यान्वेषीचा उच्चार तर असा काही करायच्या की आम्ही लोळायचो. त्यांनी पहिल्यांदा सांगितलं की ब्योमकेशला डिटेक्टिव्ह म्हटलेलं आवडत नाही, तो स्वतःला सत्यान्वेषी म्हणवतो, सत्य शोधणारा.

हा भाग लागायच्या आदल्या दिवशीच त्यांनी आम्हाला मूळ गोष्ट सांगून टाकली होती, मोडक्या हिंदीत, पोळ्या लाटता लाटता. पेपरात छोटी जाहिरात येते, कुणाला आपल्या वाटेतला काटा काढायचा असेल तर त्याने शनिवारी संध्याकाळी साडेपाचला अमुक मोठ्या दुकानाच्या नैऋत्य कोपऱ्यावर दिव्याच्या खांबाला हात लावून उभं राहावं. बस एवढंच. आणि इकडे शहरात रस्ता ओलांडणारी माणसं धाडकन पडून मरताहेत, छातीत निघते ग्रामोफोनची पिन. मग अजित त्या खांबाला हात लावून उभा राहतो आणि त्याच्या खिशात चिठ्ठी कधी येऊन पडते ते त्यालाच कळत नाही... काकू हे सांगतांना लाटणं थांबवायच्या, तव्यावर पोळी जळायची. मला शेवट माहीत असूनही टीव्हीवर बघतांना भीती वाटली, आणि खरं सांगू, काकूंची जास्त चांगली होती.

अजून एक. काकू म्हणायच्या हे लिहिणारे शरदिंदुबाबू तुमच्या पुण्यालाच राहायचे. बाबा हसण्यावारी न्यायचे, म्हणे प्रत्येक बंगाली माणसाला वाटतं सगळं जग बंगाल्यांनीच भरलंय. पुढे वाचनात आलं तेव्हा कळलं की काकू शंभर टक्के खऱ्या! शरदिंदु बंद्योपाध्याय 1938 मध्ये बॉम्बे टॉकीजसाठी लिहायला मुंबईत आले आणि 1952 पासून पुण्यात स्थायिक झाले. ब्योमकेशच्या पहिल्या गोष्टी 1932 च्या, मग मोठा खंड पडला, आणि नंतरच्या बऱ्याचशा गोष्टी पुण्यात बसून लिहिलेल्या. शिवाजी महाराजांच्या सैन्यातल्या सदाशिव नावाच्या एका पोरावर पण त्यांनी बंगालीत गोष्टी लिहिल्यात. बाबा गेले, काकू कोलकात्याला परत गेल्या, हे सांगायला आता दोघंही जवळ नाहीत.

पंक्चर

धुळे, सायकलचं दुकान, वडिलांचं होतं आता मी बघतो. मी त्यावेळी आठवीत, खुनी घंटीतून पिन उडवतो हे कळलं आणि भाग संपला तसा मी दुकानातली एक नवी घंटी खोलून बसलो आणि रात्री अकरापर्यंत खोलूनच बसलो. घंटीत काय असतं ते सांगतो. वर वाटी, खाली आडवी पट्टी जी अंगठ्याने दाबायची, ती दाबली की दातेरी चक्र फिरतं आणि त्याच्यावरच्या सुट्या चकत्या वाटीला आपटतात म्हणून किर्रर्र वाजतं, आणि पट्टी परत जागेवर यायला एक बारीक स्प्रिंग. ती स्प्रिंग इतकी मऊ असते की पिन सोडा, तिने वाटाणा पण उडत नाही. मी वाटाणा उडवून पाहिला होता. आता त्या खुन्याने आतला सगळा माल काढून जोरकस स्प्रिंग बसवली असं धरलं तर मग घंटी वाजेल कशी? आणि वाजवायची तर होतीच, कारण रस्त्यावरच्या गोंगाटात घंटीचा आवाज हीच तर त्याची आड होती, पिन सुटल्याचं कुणाला कळणार नाही आणि समोरचा माणूस वळून छाती दाखवेल. एवढ्याशा वाटीत वाजायचं पण आणि मारायचं पण, दोन्ही बसत नाही भो. बरं चालत्या सायकलवरून नेम?? हृदयावरच??? शरदिंदुबाबूंना माझा नमस्कार पण त्यांनी एकदा दुकानात यायला पाहिजे होतं.

तरी एक सांगतो, दुकानात कुणी नवीन घंटी बसवून घेतली की मी वाजवून बघतो ना, ती कायम भिंतीकडे तोंड करून.

चोपडा हायस्कूल

वरच्या भाऊंचं तंत्र बरोबर असेल पण पिनेबद्दल मी बोलतो, मी मास्तर होतो, रिटायर झालो. आमच्या आजोबांकडे भोंग्याचा ग्रामोफोन होता, चावी द्यायचा, 78 च्या तबकड्या. आजकालच्या पोरांना वाटतं पिन म्हणजे टाचणी. ती तशी नव्हे. पोलादी, जाडसर, आखूड आणि टोकाला चांगली अणकुचीदार, आणि तबकडीची एक बाजू वाजली की पिन बदलायची, नाहीतर तबकडी खरवडायची. म्हणजे घरात पिनांच्या डब्याच असायच्या. लेखकाने हत्यार काय निवडलंय बघा, कोणाच्याही घरी असणारं, कोणी विकत घेतलं तर दुकानदाराला शंका येणार नाही, आणि वापरून फेकूनच द्यायचं. मला तर सगळ्या भागात तेवढी एकच गोष्ट फार आवडली.

हा भाग बघितल्यावर आजोबा (तेव्हा ऐंशीच्या पुढे) उठले, फळीवरची डबी काढली आणि पिना मोजल्या. पुढे मरेपर्यंत अधूनमधून मोजायचे. कोणावर संशय होता ते सांगितलं नाही. आजी म्हणायची माझ्यावरच असंन.

शहाद्याची लेक

मी इतके दिवस नुसतीच वाचते, पण ह्या धाग्यावर लिहावंच लागेल.

माझे आप्पा विमा एजंट होते. आणि आप्पांकडे होती सायकल. शहादा तालुक्यातली गावंच्या गावं ते सायकलवर फिरायचे, हँडलला पिशवी, पिशवीत फॉर्म, आणि गावात शिरतांना लांबूनच घंटी वाजवायची सवय, म्हणजे हप्ता थकलेले लोक लपायचे असतील तर लपून घेतील असं ते स्वतःच म्हणायचे. आता तुम्ही समजलाच. तो भाग लागला, आणि खुनी कोण निघाला? विमा एजंट! सायकलवाला विमा एजंट!!

दुसऱ्या दिवशी आप्पा नेहमीसारखे निघाले. त्यांनी काही तो भाग पाहिलेला नव्हता, ते त्या वेळी एका क्लायंटकडे जेवायला बसले होते. गावात शिरले, घंटी वाजवली, आणि पारावरची सगळी पोरं छातीला हात लावून पटापट आडवी पडली. आप्पा घाबरून सायकलवरून उतरले, त्यांना वाटलं विषबाधा झाली. एक म्हातारा तेवढा बसलेला, तो म्हणे, “घंटी नको वाजाडू भो, मना हप्ता मी भरी देस.” त्या आठवड्यात आप्पांची जेवढी थकबाकी वसूल झाली तेवढी कधीच झाली नव्हती हे ते शेवटपर्यंत सांगायचे. पण दोन-तीन महिने त्रासही झाला, नवीन माणूस पॉलिसी घ्यायला बसला की बायको आतून म्हणायची, आधी मालिका बघितली का तुम्ही. आप्पांना राग यायचा. ते म्हणायचे विमा काढणारा माणूस जगावा म्हणून एजंट देव पाण्यात ठेवतो, तो कशाला मारेल, लिहिणाऱ्याला धंदा माहीत नाही.

मी नंतर त्यांना सीडीवर तो भाग दाखवला. पूर्ण पाहिला. शेवटी तो माणूस पकडला गेल्यावर शांतपणे पान तोंडात टाकतो ना, तिथे आप्पा म्हणाले, “सभ्य माणूस होता.” एवढंच.

मुंग्या आल्या

सगळे एवढं कौतुक करताय म्हणून थोडं उलटं बोलतो. मला हा भाग कथेपेक्षा कमीच वाटला. रस्त्याची गर्दी ही त्या कथेची जान आहे, आणि दूरदर्शनच्या बजेटमध्ये ती गर्दी नाही, चार माणसं आणि एक टांगा असं काहीतरी. त्यापेक्षा याच मालिकेतला ‘मकडी का रस’ घ्या, एक खोली, एक व्यसनी खडूस म्हातारा, त्याच्यापर्यंत विष पोचतंय कसं एवढाच प्रश्न, आणि उत्तर समोरच्या पेनातल्या शाईत. खोलीतली गोष्ट बासू चॅटर्जींना सोपी जायची, घरातल्या माणसांचे सिनेमे करणारा दिग्दर्शक तो.

पण ब्योमकेश झालेल्या रजित कपूरला तोड नाही हे मान्य. बंदूक नाही, धावपळ नाही, धोतर आणि खांद्यावर शाल, एखाद्या कॉलेजच्या लेक्चररसारखा. आणि के. के. रैनाचा अजित, जो कधीच मूर्ख वाटत नाही, नुसता एक पाऊल मागे असतो, आपल्यासारखाच. आणि ती सत्यवती, ब्योमकेशची होणारी बायको, जेव्हा कंदील घेऊन

मुंग्या आल्या

(अर्धवटच गेलं, लाईट गेली होती. हो, 2024 मध्ये पण. हसू नका.)

तापीकाठची

@मुंग्या आल्या, सत्यवती ह्या भागात नाहीच मुळी, ती नंतर येते, तिच्या भावावर खुनाचा आळ येतो त्या गोष्टीत. तुम्ही दोन भाग एकत्र केलेत. सत्यवती म्हणजे आपली सुकन्या कुलकर्णी बरं का, पुढे ‘आभाळमाया’त घराघरात पोचली ती. आमची आई ‘आभाळमाया’ बघतांना पण म्हणायची, हिचा नवरा तो बंगाली कुठे गेला?

नवं पाखरू

माझा जन्मच 1998 चा, म्हणजे नंदुरबार जिल्ह्याइतकीच मी. लॉकडाऊनमध्ये बाबांनी जबरदस्ती बसवलं. खरं सांगू तर पहिली दहा मिनिटं मोबाइलच बघत होते, इतकं हळू. मग लक्षात आलं की कोणी ओरडत नाहीये. म्युझिक येऊन अंगावर पडत नाहीये, कॅमेरा तीनदा झूम होत नाहीये. छातीला चिनीमातीची बशी बांधून दोघं रात्री रस्त्यावर चालत जातात तो सीन आला तेव्हा बाबा माझ्याकडे बघत होते, स्क्रीनकडे नाही. मी दचकते का ते बघायला. मी दचकले, पण दाखवलं नाही 😀

धाब्यावरचा

वा! म्हणजे आपल्यापैकी लाईट गेल्यावरही पूर्ण भाग पाहिलेला फक्त रावेरचा भाऊ, आणि तो पण मार खाऊन.

शहाद्याची लेक, एक विचारू? आप्पांची ती सायकल अजून आहे का?

शहाद्याची लेक

सायकल भंगारात गेली. घंटी ठेवलीये, देवघराच्या खालच्या खणात. गंजून जाम झालीये, पट्टी दबतच नाही.

पंक्चर

ताई धुळ्याला आलात की घेऊन या. रॉकेलमध्ये रात्रभर ठेवू, सकाळी वाजती करून देतो. पैसे नको.

केळीचं खोड

ताई, जातांना बशी बांधून जा.