अपिलाचा हक्क आणि एसएलपी (स्पेशल लीव्ह पिटिशन, म्हणजे अपिलासाठी खास परवानगीचा अर्ज)

अनेकांना वाटतं की हायकोर्टात हरलं तरी सुप्रीम कोर्टात अपील करायचा हक्क असतोच. असा सरसकट हक्क नाही. दिवाणी दाव्यात राज्यघटनेच्या कलम १३३ खाली हायकोर्टाचा दाखला लागतो, की यात सार्वत्रिक महत्त्वाचा कायद्याचा प्रश्न आहे आणि तो सुप्रीम कोर्टानेच सोडवायला हवा. पूर्वी वीस हजार रुपये किंवा जास्तीचा दावा असला की वाट मोकळी व्हायची. १९७२ च्या ३० व्या घटनादुरुस्तीने ती रकमेची अट गेली. बरंच झालं, पैशावरून प्रश्नाचं वजन कसं ठरणार?

फौजदारीत मात्र खरा हक्क आहे, पण मोजक्या ठिकाणी. उदा. खालच्या कोर्टाने निर्दोष सोडलेल्या आरोपीला हायकोर्टाने अपिलात फाशी दिली तर. १९७० च्या कायद्याने जन्मठेप आणि दहा वर्षं किंवा जास्त शिक्षाही त्यात आल्या.

बाकी सगळी गर्दी कलम १३६ च्या दारात, म्हणजे एसएलपी. तिथे आधी परवानगी मागायची, ती मिळाली तरच अपील सुरू होतं. म्हणूनच एका ओळीत एसएलपी फेटाळली म्हणजे "सुप्रीम कोर्टाने हायकोर्टाच्या निकालावर शिक्कामोर्तब केलं" असं नसतं, मथळे काहीही म्हणोत. कुन्हयम्मद विरुद्ध केरळ राज्य (२०००) मध्ये हे स्पष्ट केलंय: कारणं न देता परवानगी नाकारली तर हायकोर्टाचा निकाल सुप्रीम कोर्टाच्या आदेशात विलीन होत नाही, आणि हायकोर्टात पुनर्विलोकन (त्याच कोर्टाने आपला निकाल पुन्हा तपासणं) मागता येतं.